जुना अमेरिकन मूकपट लायसन्सवाला की इंडिपेंडंट, हे कसं शोधायचं

१९०८ ते १९१५ मधला एखादा अमेरिकन मूकपट आर्काइव्हच्या साइटवर सापडला किंवा त्याचं नुसतं पोस्टर जरी हाती लागलं, की आपण सगळे पहिल्यांदा हेच बघतो की काढला कोणी आणि त्यात काम कोणी केलंय. माझं म्हणणं असं की आधी हे शोधा की हा सिनेमा लावायची परवानगी कुठल्या थेटराला होती. कारण त्या सात-आठ वर्षांत अमेरिकेतला सगळा धंदा उभा दोन भागांत चिरला गेलेला, एका बाजूला लायसन्सवाले, म्हणजे पेटंटवाल्या कंपन्यांच्या गटातले आणि त्या गटाची परवानगी घेतलेले, दुसऱ्या बाजूला इंडिपेंडंट, म्हणजे त्या गटाबाहेरचे, आणि एका बाजूचं रीळ दुसऱ्या बाजूच्या थेटरात लावलं तर लायसन्स जायचं, केस व्हायची. सिनेमा कोणत्या बाजूचा होता हे कळलं की तो कोणी पाहिला, किती दिवस फिरला, प्रिंट का वाचली किंवा का नाही वाचली, हे सगळं हळूहळू उलगडायला लागतं.

आता हे शोधायचं कसं ते सांगतो, पण त्याआधी धंदा कसा चालायचा ते डोक्यात पक्कं पाहिजे, नाहीतर पुढच्या खुणा वाचता येणार नाहीत.

सुरुवातीला फिल्म भाड्याने मिळायचीच नाही. वाराने कापड विकतात तशी फुटाने फिल्म विकायचे, साधारण १२ सेंटला एक फूट, ज्याने विकत घेतली त्याची ती, त्याने झिजेपर्यंत दाखवावी नाहीतर दुसऱ्याला विकावी. मग १९०३ च्या आसपास फिल्म एक्स्चेंज नावाचा मधला माणूस आला, तो निर्मात्याकडून प्रिंट विकत घ्यायचा आणि थेटरांना आठवड्याच्या भाड्याने द्यायचा. १९०५ मध्ये पिट्सबर्गला हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी पाच सेंट तिकिटाचं निकेलोडियन नावाचं छोटं थेटर काढलं आणि नंतर तशी थेटरं देशभर हजारोंनी निघाली, ती या भाड्याच्या पद्धतीमुळेच शक्य झाली. कारण बऱ्याच निकेलोडियनमध्ये प्रोग्रॅम रोज बदलायचा, आणि रोज नवीन फिल्म विकत घेणं कुठल्याच छोट्या थेटरवाल्याला परवडलं नसतं.

पण निर्मात्याच्या बाजूने बघा, त्याला एका प्रिंटचे पैसे एकदाच मिळाले आणि एक्स्चेंजवाला तीच प्रिंट वर्षभर फिरवतोय, चिंध्या होईपर्यंत. त्यात काहीजण एकाच भाड्यात एक प्रिंट दोन-दोन थेटरांत पळवायचे, एका ठिकाणचा शो संपला की रीळ सायकलवर टाकून दुसऱ्या ठिकाणी, आणि काहीजण तर सरळ प्रिंटवरून दुसरी प्रिंट काढून विकायचे. म्हणजे निर्मात्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, एक म्हणजे फिल्मची मालकी आपल्याकडेच राहावी, आणि दुसरी म्हणजे कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे आपण ठरवावं. हे करायला त्यांच्या हातात कायद्याचं जे हत्यार होतं ते म्हणजे पेटंट.

एडिसन १८९७ पासून कॅमेऱ्याच्या पेटंटवरून सगळ्यांना कोर्टात खेचत होता. १९०७ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की बायोग्राफ कंपनीचा कॅमेरा वेगळ्या तत्त्वावर चालतो, तो एडिसनच्या पेटंटमध्ये येत नाही. मग १९०८ च्या सुरुवातीला एडिसनने बाकीच्या बहुतेक निर्मात्यांना आपल्या लायसन्सखाली घेतलं आणि बायोग्राफने लॅथम लूपचं पेटंट विकत घेऊन वेगळा गट केला. लॅथम लूप म्हणजे फिल्मला ठेवलेली ती छोटीशी ढिली कमान, जिच्यामुळे झटक्याने फिल्म तुटत नाही. दिसायला इतकी साधी गोष्ट, पण तिच्याशिवाय लांब फिल्म चालवणं अवघड. शेवटी दोघांना कळलं की भांडत बसलो तर दोघंही बुडू, आणि १८ डिसेंबर १९०८ ला करार झाले, कंपनीचं नाव मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी. लोक तिला नुसतं ट्रस्ट म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो.

ट्रस्टमध्ये कोण होतं ही यादी पाठ करून टाका, खरंच पाठ करा, रोज लागेल: एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ, एसने, सेलिग, लुबिन, केलेम, पाते फ्रेर, मेलिएस, आणि जॉर्ज क्लाइन जो युरोपातून गोमाँ आणि अर्बन-एक्लिप्सच्या फिल्म आणायचा. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून सांगतो, केलेम हे नाव क्लाइन, लाँग आणि मॅरियन या तिघांच्या आद्याक्षरांवरून, के-एल-एम, आणि एसने म्हणजे स्पूर आणि अँडरसनचे एस आणि ए.

या सगळ्यांची पेटंटं एका जागी ठेवली, एकूण सोळा, आणि मग वरपासून खालपर्यंत साखळी बांधली. कच्च्या फिल्मपासून सुरुवात, ईस्टमन कोडॅकने कबूल केलं की फक्त लायसन्सवाल्या निर्मात्यांनाच फिल्म विकू, आणि फुटामागे रॉयल्टी तिथेच कापली जायची. एक्स्चेंजला प्रिंट विकत मिळणं बंद, आता ती फक्त लीजवर, काही महिन्यांनी परत करायची, आणि ट्रस्टबाहेरची एकही फिल्म ठेवायची नाही. थेटरवाल्याने प्रोजेक्टर स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला असला तरी तो वापरायचे आठवड्याला २ डॉलर ट्रस्टला द्यायचे. हे दोन डॉलर थेटरवाल्यांना फार झोंबले, आणि मला विचाराल तर इंडिपेंडंट लोकांना गिऱ्हाईक मिळालं ते बऱ्यापैकी या दोन डॉलरमुळे, सिनेमा चांगला की वाईट हा भाग नंतरचा.

तर आता शोधायला लागू.

पहिलं काम तारीख. नाव बघायच्या आधी तारीख, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आणि तारीख म्हणजे रिलीजची तारीख, शूटिंगची नाही, कॉपीराइटची पण नाही. त्या काळात रिलीज डेट ही कडक गोष्ट झाली होती, प्रत्येक निर्मात्याचे आठवड्यातले वार ठरलेले, बायोग्राफचे काही वर्षं सोमवार आणि गुरुवार होते, आणि त्या दिवसाआधी कुठल्याही एक्स्चेंजने ती फिल्म बाहेर काढायची नाही. म्हणून रिलीजची तारीख मिळाली आणि ती कुठल्या वारी पडते हे कॅलेंडरवर बघितलं तर कधीकधी निर्माता कोण याचा अंदाजसुद्धा येतो, पक्का पुरावा म्हणून नाही, पण दिशा मिळते. तारीख जानेवारी १९०९ च्या आधीची असेल तर लायसन्सवाला-इंडिपेंडंट हा प्रश्न या अर्थाने लावूच नका, तेव्हा एडिसनचा गट विरुद्ध बायोग्राफचा गट असं वेगळंच भांडण होतं.

तारीख मिळवायची कुठून, तर धंद्याची साप्ताहिकं. मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड हे १९०७ मध्ये सुरू झालं आणि त्याचे अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीने चढवलेले, आणि त्यांचं लँटर्न नावाचं सर्च आहे त्यात एक शब्द टाकला की सगळ्या मासिकांत एकदम शोधतं. सर्च करताना सिनेमाचं पूर्ण नाव टाकू नका, जुन्या छपाईचं स्कॅन नीट वाचलं जात नाही, नावातला एखादा विचित्र शब्द आणि वर्ष एवढंच टाका, आणि तरी नाही मिळालं तर त्या महिन्याचे अंक उघडून मागच्या पानांवरची रिलीजची कोष्टकं डोळ्यांनी बघा. वेळ जातो पण तिथेच खरं सापडतं, कारण या कोष्टकांत लायसन्सवाल्यांची यादी वेगळी आणि इंडिपेंडंटची वेगळी छापलेली असते, समीक्षासुद्धा तशाच वेगळ्या केलेल्या असतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या काळच्या संपादकानेच देऊन ठेवलंय. १९१२-१३ नंतरच्या अंकांत हे मथळे बदलतात आणि जनरल फिल्म, म्युच्युअल, युनिव्हर्सल अशी वितरकांची नावं दिसायला लागतात, त्याचं कारण पुढे येतंच.

मग खुद्द फिल्म बघा, प्रिंट बघायला मिळत असेल तर. ही मला सगळ्यात आवडणारी पायरी. चोरून कॉपी काढणाऱ्यांना पकडता यावं म्हणून निर्माते आपला ट्रेडमार्क सेटवरच लावायचे, टायटल कापून टाकलं तरी दृश्यातलं चिन्ह कसं काढणार! त्यामुळे खोलीच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपाशी, खाली कोपऱ्यात नीट बघा, एबी अशी दोन अक्षरं एकत्र गुंफलेली दिसली तर बायोग्राफ, कोंबडा दिसला तर पाते, सेलिगचा हिरा आणि त्यात एस, एसनेचं आदिवासी सरदाराचं डोकं, लुबिनची लिबर्टी बेल, मेलिएसचा तारा, व्हायटाग्राफचा गरुड. एखादा गंभीर मृत्यूचा प्रसंग चाललाय आणि मागे भिंतीवर कंपनीचं चिन्ह टांगलंय, पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं, पण तो त्या काळचा वॉटरमार्क आहे. फिल्म व्हिडिओवर असेल तर बाहेरच्या सीनपेक्षा घरातले सीन थांबवून थांबवून बघा, चिन्ह मिळायची शक्यता तिथे जास्त.

चिन्ह सापडलं म्हणजे निर्माता कळला. पण निर्माता कळला म्हणजे बाजू कळली असं नाही, आणि इथे परत तारखेकडे यायचं. मी स्वतः गोमाँच्या बऱ्याच फिल्म डोळे झाकून लायसन्सवाल्यांच्या खात्यात लिहून ठेवल्या होत्या कारण क्लाइनच्या यादीत गोमाँ होतं ना, आणि मग लक्षात आलं की १९१२ पासून गोमाँ क्लाइनकडून निघून इंडिपेंडंट बाजूला गेलेलं, सगळं परत तपासावं लागलं. बायसन हे नाव तर आणखी फसवं, १९०९ मध्ये न्यूयॉर्क मोशन पिक्चर कंपनीचा ब्रँड, आणि १९१२ मध्ये इंडिपेंडंट लोकांत जे भांडण झालं (ते पुढे सांगतो) त्यानंतर युनिव्हर्सलकडे १०१ बायसन म्हणून, दोन्ही वेळी इंडिपेंडंटच पण माल विकणारे वेगळे. आणि सगळेच परदेशी निर्माते ट्रस्टमध्ये होते असंही धरू नका, डेन्मार्कची नॉर्डिस्क, जी अमेरिकेत ग्रेट नॉर्दर्न नावाने विकायची, ती बाहेर ठेवली होती, इटलीच्या अँब्रोसिओ आणि इटालासुद्धा.

सेन्सॉरच्या शिक्क्यावरूनही अंदाज बांधू नका. १९०९ मध्ये न्यूयॉर्कला नॅशनल बोर्ड ऑफ सेन्सॉरशिप निघालं, त्यांच्याकडे दोन्ही बाजूंच्या फिल्म जायच्या.

इंडिपेंडंट बाजू नीट समजून घ्यायला जरा वेळ द्या, कारण लोक तिला नुसतं बंडखोरांची टोळी समजतात आणि तिथे घोटाळा होतो. कार्ल लेमली शिकागोत मोठं एक्स्चेंज चालवायचा, आधी ट्रस्टचं लायसन्स घेतलं, एप्रिल १९०९ मध्ये सोडून दिलं, आणि आता दाखवायला फिल्म पाहिजे म्हणून स्वतःच आयएमपी नावाची कंपनी काढून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली फिल्म आणली. ईस्टमनची कच्ची फिल्म मिळत नव्हती म्हणून हे लोक फ्रान्सच्या ल्युमिएरची फिल्म वापरायचे, ज्यूल ब्रुलातूर ती पुरवायचा. १९११ मध्ये ईस्टमनने करार बदलून घेतला आणि इंडिपेंडंटनाही माल द्यायला सुरुवात केली, आणि माझ्या मते ट्रस्टची पहिली खरी कडी तिथे तुटली, कोर्टाच्या कितीतरी आधी.

पण कॅमेरा आणि कच्चा माल मिळून भागत नव्हतं. मघाशी म्हटलं ना की थेटराचा प्रोग्रॅम रोज बदलायचा, त्यामुळे थेटरवाला एक सिनेमा घेतच नव्हता, तो आठवड्याची पूर्ण सर्व्हिस घ्यायचा, रोजची दोन-तीन रिळं, एक रीळ म्हणजे सुमारे १००० फूट. लेमलीने आठवड्याला दोन फिल्म काढल्या तरी उरलेल्या दिवसांचं काय, लायसन्सवाल्यांकडून तर काही घेता येत नाही. म्हणून इंडिपेंडंटना एकमेकांची गरज होती, आणि १९१० मध्ये त्यांनी मोशन पिक्चर डिस्ट्रिब्युटिंग अँड सेल्स कंपनी काढली, सगळ्यांचा माल एका खिडकीतून. ही गोष्ट समजली की स्पर्धा कशात होती ते कळतं. सिनेमा विरुद्ध सिनेमा अशी ती नव्हतीच, आठवडा विरुद्ध आठवडा होती. म्हणून तुम्ही एक फिल्म शोधत असलात तरी त्या आठवड्यात त्या बाजूला आणखी काय काय रिलीज झालं तेही लिहून घ्या, ती फिल्म त्यांच्यासोबतच दाखवली गेली असणार.

सेल्स कंपनी दोन वर्षं टिकली. १९१२ मध्ये भांडण होऊन दोन वितरण कंपन्या झाल्या, एका बाजूला हॅरी एटकेनचं म्युच्युअल, दुसऱ्या बाजूला लेमली आणि इतरांचं युनिव्हर्सल. म्हणून १९१२ च्या मध्यानंतरच्या फिल्मसमोर नुसतं इंडिपेंडंट लिहून थांबलात तर काम अर्धवट आहे, म्युच्युअल की युनिव्हर्सल की आणखी कोणी हे लिहायलाच पाहिजे. थॅनहाउझर, अमेरिकन म्हणजे फ्लाइंग ए, रिलायन्स, कीस्टोन हे म्युच्युअलमधून, आणि आयएमपी, नेस्टर, रेक्स, पॉवर्स हे युनिव्हर्सलमधून, एवढं ठेवलं तरी बरंच काम होतं.

लायसन्सच्या बाजूलाही तेवढीच उलथापालथ झाली. एप्रिल १९१० मध्ये ट्रस्टच्या लोकांनी जनरल फिल्म कंपनी काढली आणि लायसन्सवाली एक्स्चेंजं एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली, जे विकत नव्हते त्यांचं लायसन्स रद्द. १९१२ उजाडेपर्यंत जवळजवळ सगळी गिळून झाली, एक मोठा माणूस उरला तो न्यूयॉर्कचा विल्यम फॉक्स, ग्रेटर न्यूयॉर्क फिल्म रेंटल कंपनीचा. त्याने विकायला नकार दिला, त्याचं लायसन्स काढून घेतलं, तो कोर्टात गेला, आणि ऑगस्ट १९१२ मध्ये सरकारनेच ट्रस्टवर केस टाकली. या केसची साक्ष-कागदपत्रं छापलेली आहेत आणि वितरणाचा अभ्यास करणाऱ्यासाठी ती सोन्याची खाण आहे, एक्स्चेंजवाले स्वतःच्या तोंडाने सांगतात की भाडं किती, फिल्म किती जुनी झाली की भाव कसा उतरतो, कोणाला कधी पत्र आलं. मासिकांतल्या जाहिराती गोड बोलतात, शपथेवरची साक्ष वेगळी असते, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

ऑक्टोबर १९१५ ला फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात जज डिकिन्सनने ट्रस्ट बेकायदेशीर ठरवला. एप्रिल १९१७ ला सुप्रीम कोर्टाने युनिव्हर्सलच्या केसमध्ये सांगितलं की प्रोजेक्टरच्या पेटंटवरून त्यावर कोणाची फिल्म लावायची हे ठरवता येणार नाही. या केसमध्ये मशीनवर ठोकलेल्या पट्टीचा विषय होता, ज्यावर लिहिलेलं असायचं की हे मशीन फक्त लायसन्सवाल्या फिल्मसाठी वापरायचं. एखाद्या म्युझियममध्ये त्या काळचा प्रोजेक्टर बघायला मिळाला तर ती पट्टी शोधा, असेल तर फोटो काढून ठेवा.

पण १९१७ पर्यंत खरं तर कोर्टाने मोडण्यासारखं फार उरलं नव्हतं. लांब सिनेमे आले होते, चार-पाच रिळांचे, आणि रोज प्रोग्रॅम बदलणाऱ्या सर्व्हिसमध्ये ते बसत नव्हते. ते सुरुवातीला स्टेट्स राइट्स पद्धतीने विकले जायचे, म्हणजे एकेका राज्याचे हक्क एकेकाला, आणि मग १९१४ मध्ये हॉडकिन्सन नावाच्या वितरकाने पॅरामाउंट ही वितरण कंपनी काढून निर्मात्याला आधी उचल आणि नंतर भाड्यातला ६५ टक्के वाटा अशी पद्धत बसवली. तेव्हा तुमची फिल्म चार रिळांच्या वर आणि १९१२ नंतरची असेल तर लायसन्सच्या कोष्टकात डोकं घालायच्या आधी स्टेट्स राइट्सच्या जाहिराती बघा. अपवाद आहेत, व्हायटाग्राफ, लुबिन, सेलिग आणि एसने या चार ट्रस्टवाल्यांनीच १९१५ मध्ये व्हीएलएसई नावाने लांब सिनेमांचं वेगळं वितरण काढलं होतं.

कॉपीराइटच्या नोंदी शेवटी तपासा. १९१२ च्या ऑगस्टपर्यंत कायद्यात सिनेमा हा प्रकारच नव्हता, म्हणून काही कंपन्या फिल्मची प्रत कागदावर छापून फोटो म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायच्या, त्यामुळे तीन हजारांवर फिल्म वाचल्या. पण नोंद नाही म्हणून फिल्म निघालीच नाही असं समजू नका, आणि १९१५ च्या सुमारास बायोग्राफने जुन्या फिल्म परत बाजारात आणल्या तेव्हाचं टायटल कार्ड पहिल्या रिलीजचं धरू नका.

प्रिंट कुठे सापडली तेही लिहा. लीजची प्रिंट परत करायची असा नियम होता, पण साखळीच्या अगदी टोकाच्या गावातून परत पाठवायचा खर्चच जास्त व्हायचा, कॅनडातल्या डॉसन सिटीला १९७८ मध्ये जमिनीखालून शेकडो रिळं निघाली ती अशीच मागे राहिलेली. नेदरलँड्समध्ये डेसमेट नावाच्या वितरकाच्या साठ्यातही दोन्ही बाजूंच्या अमेरिकन फिल्म आहेत, पण युरोपातल्या प्रिंटवरून अमेरिकेतली बाजू सिद्ध होत नाही, तिथे हे नियम चालत नव्हते.

आणि कोणी म्हणालं की अमुक कंपनी लॉस एंजेलिसला गेली म्हणजे ती ट्रस्टपासून पळालेली इंडिपेंडंटच, तर त्यांना सांगा की १९०९ मध्ये तिथे सेलिग गेला, १९१० च्या हिवाळ्यात बायोग्राफ गेली, दोघंही पक्के लायसन्सवाले, उन्हासाठी गेलेले.

सगळं जमलं की नोंद करताना चार रकाने करा: रिलीजची तारीख, निर्माता, त्या दिवशीचा वितरक, आणि हे कशावरून कळलं ते, म्हणजे अंकाची तारीख आणि पान. वितरक मिळाला नसेल तर रकाना रिकामा ठेवा, निर्मात्याच्या नावावरून भरू नका.